चार कमी सांगायचे

जाफराबाद बंदर, गुजरात
१४ नोव्हेंबर २०२४

मामा,

नमस्कार, खुशाली आणि थोरामोठ्यांच्या पाया पडणं हे सगळं झालं असं धरून चाला, कारण उद्या पहाटे बोट सुटते आणि मला बरंच लिहायचं आहे. समुद्रात रेंज नसते. असती तरी तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही, आणि मी काहीही विचारलं तरी तुम्ही "हां, हां, पाऊस न्हाई अजून" एवढंच बोलता. म्हणून आई म्हणाली, पत्र लिही, भिमाजी चष्मा लावून दहादा वाचेल.

आधी गोकुळचं सांगते. तुमचा लेक सुखरूप आहे. पहिल्या फेरीत त्याने इतक्या उलट्या केल्या की बोटीचे टंडेल, म्हणजे कप्तान, म्हणाले, याला किनाऱ्यावर सोडून येऊ. तिसऱ्या दिवशी मात्र उठून त्याने मामीच्या हातच्या ठेच्याची बाटली संपवली आणि आता तो डेकवर असा चालतो की जणू इथेच जन्मला.

आम्ही निघताना तुम्ही विचारलं होतं, "समुद्रात पक्षी मोजायला पगार देतंय तरी कोण?" तर ऐका. इथे समुद्राच्या तळात खांब रोवून पवनचक्क्या उभ्या करायच्या आहेत. एकेकीचं पातं तुमच्या गावच्या देवळाच्या शिखरापासून ओढ्यापर्यंत पोचेल एवढं. मी पवनचक्क्यांच्या विरोधात नाही, वीज हवीच. पण जिथे पक्ष्यांची खाण्यापिण्याची जागा आहे तिथेच पाती फिरायला लागली, तर पक्षी एक तर पात्याला धडकणार, नाही तर ती जागा कायमची सोडणार. म्हणून आमच्या पुण्याच्या संस्थेला काम दिलंय: कुठे किती पक्षी आहेत त्याचा नकाशा करा. या पाहणीची प्रमुख म्हणून पहिल्यांदाच माझं नाव लागलंय, हे तुम्ही गावभर सांगितलं असेलच.

सगळा समुद्र कोणी मोजू शकत नाही. आम्ही नांगराच्या तासांसारख्या सरळ रेघांवरून बोट नेतो, दोन्ही बाजूंच्या ठराविक पट्ट्यातले पक्षी मोजतो, आणि त्यावरून मधल्या पाण्याचा हिशेब बांधतो. उजवी बाजू माझी, डावी गोकुळची.

पश्चिमेला एक कोपरा आहे. भरती-ओहोटीचे दोन प्रवाह तिथे एकमेकांना भिडतात, पाण्यावर फेसाची रेघ उठते, मासळी वर येते आणि तिच्यावर सुरय तुटून पडतात. सुरय म्हणजे लांब पंखांचे, दुभंगलेल्या शेपटीचे पांढरे पक्षी. मामा, तो कोपरा मला वाचवायचा आहे. पण सोनलला वाटतं म्हणून कोणी चक्की हलवत नसतं. आकडा दाखवावा लागतो. तो मी दाखवणार.

तुमची,
सोनल


महाळुंगे पडवळ
२७ नोव्हेंबर २०२४

सोनल,

पत्र मिळालं. दहादा नाही, तीनदा वाचलं. तुझ्या झुंबरमामीला एकदा वाचून दाखवलं, तर ती ठेच्याच्या बाटलीशीच अडली आणि आता आणखी दोन बाटल्या करायला बसली आहे.

इथलं बरं चाललं आहे. मेंढरं सध्या पाटलांच्या कांद्याच्या रानात खताला बसवली आहेत. तिथून ओढ्याकडे जायचं म्हणजे नव्या रस्त्याचा जाच. आमच्या बापजाद्यांची वाट होती, तिच्यावर आडवा रस्ता घातला आणि खालून मेंढरांना जायला एक बोळसुद्धा ठेवला नाही. आता दोन कोस वळसा. रस्ता करणाऱ्यांना आमची मेंढरं दिसली नाहीत की काय देव जाणे. रोज शिव्या देतो आणि रोज वळसा घालतो.

तुझं रेघा मारून समुद्र मोजणं वाचलं. मला एक कळलं नाही. पक्षी उडत मागून आला, पुढं गेला, वळून परत आला, तर त्याला दोनदा मोजशील की. मेंढरू निदान उडत नाही.

आणि एक सांगतो, रागावू नको. तुला मोजायचं तर मोज, पण मुक्या जिवाचा आकडा तोंडातून पुरा काढू नये. तू लहान असताना कोकरांवर बोट ठेवून मोठ्यानं मोजत होतीस तेव्हा मी तुला पाठीत धपाटा घातला होता, आठवतं का? आजही मला कोणी विचारलं, "भिमाजी, किती मेंढरं?", तर मी म्हणतो, "हायती दोन-चार." विचारणाऱ्याला कळतं आणि मलाही कळतं. नजर लागायला वेळ लागत नाही.

गोकुळला सांग, थंडीचं डोकं बांधत जा.

तुझा मामा,
भिमाजी


जाफराबाद
१९ जानेवारी २०२५

मामा,

मधे तीन फेऱ्या झाल्या म्हणून उत्तराला उशीर. धपाटा चांगला आठवतो.

तुमचा प्रश्न वाचून निर्मला मॅडम, म्हणजे पुण्याच्या आमच्या वरिष्ठ, खूश झाल्या. उडणारा पक्षी दोनदा मोजला जाऊ नये म्हणूनच आम्ही सारखं मोजत नाही. ठराविक वेळाने एक नजर टाकायची, त्या क्षणी पट्ट्यात जेवढे उडत असतील तेवढेच धरायचे. मच्छीमार बोटींच्या मागे लागलेले पक्षी वेगळे लिहायचे, कारण ते बोट नेईल तिकडे जातात. हे सगळं आम्ही नीट करतोय. माझी पद्धत चोख आहे, हे मी छाती ठोकून सांगते.

तरीही गडबड झाली आहे, आणि मला तुमची मदत हवी आहे.

कच्चा नकाशा तयार झाला. जिथे पक्षी जास्त तिथे रंग गडद. माझा पश्चिमेचा कोपरा काळाकुट्ट यायला हवा होता, तो फिका आलाय. कंपनीचे इंजिनीअर नकाशा बघून म्हणाले, "ही जागा तर मोकळीच दिसते, इथे एक आख्खी रांग बसेल." माणूस वाईट नाही, नकाशात जे दिसलं ते बोलला.

मग मी दोन बाजू वेगळ्या करून पाहिल्या. एकाच पाण्यातून एकच बोट जाते, तरी माझ्या बाजूला पक्षी जास्त आणि गोकुळच्या बाजूला कमी. येताना बोट उलटी फिरते, बाजू बदलतात, तरी तेच. समुद्राला डावं-उजवं कळत नाही, मामा. म्हणून आम्ही दोघांनी शेजारी बसून, एकमेकांना न सांगता, एकाच बाजूचे पक्षी मोजले. एकटा-दुकटा पक्षी असेल तर गोकुळ माझ्या पुढे. लाटेआड बसलेला कुरव पक्षी त्याला दिसतो, मला नाही. पण थवा आला की त्याचा आकडा खाली. दर वेळी खालीच.

नेमणुकीआधी त्याची परीक्षा आम्ही घेतली होती. पडद्यावर थव्यांचे फोटो दाखवून विचारलं होतं, किती? तेव्हा तो सगळ्यांत अचूक होता. म्हणजे मोजता येतं. मग समुद्रावर काय होतं? मला शंका आहे ती डोळ्यांची. उन्हात, चमकत्या पाण्यावर दाट थवा त्याला नीट दिसत नसेल. त्याला विचारलं तर दुर्बीण पुसत बसतो. लहानपणी डोळ्याला काही झालं होतं का? लपवू नका. अहवाल मार्चअखेर द्यायचा आहे.

सोनल


महाळुंगे पडवळ
३० जानेवारी २०२५

सोनल,

डोळ्याचं काय काढलंस? टेकडीच्या पलीकडच्या अंगाला लंगडणारी मेंढी या पोरानं मला दाखवली आहे. आमच्या घरात साठीच्या आत कोणाला चष्मा लागलेला नाही. तुझी आई रत्ना सोडून, आणि ती टीव्हीला नाक लावून बसायची.

त्याचा आकडा खाली येतो त्याचं कारण मी सांगतो, आणि ते ऐकून तू खूश होशील. मीच त्याला सांगून पाठवलं आहे. एसटीत बसवताना मी म्हणालो, "गोकुळ, परक्याच्या मुलखात चाललास. तिथली पाखरं आपली न्हाईत, पर जीव हायेत. जेवढी दिसतील त्यातली चार कमी सांगायची. थवा मोठा आसला तर आजून कमी. आपल्या तोंडानं त्यांना नजर नको." पोरानं बापाचा शब्द पाळला. आजकाल कोण पाळतं?

फोटोतल्या पक्ष्यांचा आकडा त्यानं पुरा सांगितला हे बरोबरच आहे. फोटोला कसली नजर?

तेव्हा त्याच्या डोळ्यावर शंका घेऊ नको. आणि तुझ्या पाखरांचं भलंच झालं आहे असं समज. मामीनं कुळीथ पाठवलं आहे.

भिमाजी


जाफराबाद
८ फेब्रुवारी २०२५

मामा,

तुमचं पत्र वाचून मी धक्क्यावरच्या जाळ्यांच्या ढिगावर बसले आणि आधी हसले. मग इतका राग आला की कुळीथ समुद्रात फेकणार होते. फेकलं नाही. मामीचं होतं.

गोकुळला समोर बसवलं. तो म्हणाला, "ताई, आबांनी सांगितलं व्हतं. आन मला वाटलं, एवढ्या मोठ्या दर्यात चार कमीनं काय व्हतंय?"

काय होतं ते मी तुम्हाला सांगते. थव्यामागे चार, मोठ्या थव्यामागे तर निम्मे, आणि थवे तर पश्चिमेच्या कोपऱ्यातच जास्त. म्हणजे जिथे पक्षी सगळ्यांत जास्त, तिथेच तुमच्या चार कमीने सगळ्यांत जास्त पक्षी खाल्ले. तो कोपरा फिका तुम्ही केलाय, मामा. नजर लागू नये म्हणून तुम्ही त्यांना नकाशावरून पुसलंत.

मी हे निर्मला मॅडमना त्याच दिवशी कळवलं. लपवण्यासारखं नव्हतं. त्या चिडल्या नाहीत, पण स्पष्ट बोलल्या. अंदाजाने चार-चार मिळवायचे नाहीत, ती लबाडी होईल. गोकुळला घरी पाठवलं, तर त्याच्या बाजूचा आख्खा हंगाम टाकून द्यावा लागेल आणि उरलेल्या अर्ध्यावर कोपरा वाचवण्याइतका भक्कम आकडा उभा राहत नाही. दुसरा मार्ग एकच. मार्चमध्ये, पक्षी उत्तरेकडे निघायच्या आत, एक जादा फेरी. त्याच रेघा, तोच माणूस, तेच डोळे. या वेळी गोकुळने आकडा पुरा सांगायचा आणि जोडीला आम्ही प्रत्येक थव्याचा फोटो काढायचा. अधूनमधून जुन्या सवयीने किती सांगितले असते तेही त्याने सांगायचं. त्यावरून तो किती कमी करत होता ते कळेल आणि जुने आकडे रीतसर दुरुस्त करता येतील.

गोकुळ तयार आहे. पण काल किनाऱ्याजवळ सराव केला. चाळिसावर सुरय डोक्यावरून गेले. त्याने तोंड उघडलं आणि निघाले "पंचवीस". स्वतःच्याच कपाळावर मारून घेतलं त्याने. पुन्हा, तेच. म्हणाला, "ताई, आबांचं बोलणं मानगुटीवर बसलंय. त्यांनी सोडलं तरच सुटंल."

तेव्हा सोडा त्याला. एक ओळ लिहा: पुरा आकडा सांग. बाकी सगळं मी बघते.

सोनल


महाळुंगे पडवळ
१७ फेब्रुवारी २०२५

सोनल,

ती ओळ मी लिहिणार नाही.

तू शिकलीस, मोठी झालीस, मला त्याचा अभिमान आहे. पण काही गोष्टी तुला ठाऊक नाहीत. आमचे बाबा, म्हणजे तुझे आजोबा, यांनी एकदा जत्रेत, पाहुण्यांच्या मेळ्यात, छाती फुगवून आकडा सांगितला होता. पुरा. मी तेव्हा मिसरूड न फुटलेला. त्या साली मेंढरांवर देवीचा रोग आला आणि कळप निम्म्यावर आला. बाबा मेंढरं कोंडायच्या वाघरीच्या जाळीला धरून रडताना मी पाहिले आहेत. त्यानंतर आमच्या घरात कोणी आकडा तोंडातून काढला नाही.

रोगाला कान नसतात हे मलाही कळतं. तरी जीभ वळत नाही. माझीच वळत नाही तर पोराला कोणत्या तोंडानं सांगू?

गोकुळला घरी पाठव. दुसरा माणूस घे. तुझ्या कामात विघ्न आणलं याचं मला वाईट वाटतं, पण एवढं माझ्यानं होणार नाही.

भिमाजी

सोनल, ही खालची ओळ मी, तुझी मामी, लिहिते आहे. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं म्हणून. त्या रस्त्याची मोजणी करणारी माणसं दोन सालांमागं देवळात आली होती. विचारत होती, या वाटेनं किती मेंढरं जातात. ह्यांनी सांगितलं, "आसतील धा-पंधरा." शेजारच्या वाड्यावरच्या दादाभाऊंनी सांगितलं "आठ-दहा." सगळ्यांनी तसंच. आता रोज वळसा घालतात आणि रस्त्याला शिव्या देतात. मी बोलले तर म्हणतात, तुला काय कळतंय. तू बोल.


जाफराबाद
२३ फेब्रुवारी २०२५

मामा,

आजोबांचं मला माहीत नव्हतं. आईनेही कधी सांगितलं नाही. वाचून वाईट वाटलं आणि तुमच्यावरचा राग गेला.

पण एक विचारते. रस्तेवाल्यांना तुमची मेंढरं दिसली नाहीत की काय, असं तुम्हीच लिहिलं होतं. त्यांना कशी दिसणार? तुम्ही दहा-पंधरा सांगितली, दादाभाऊंनी आठ-दहा. दहा-पंधरा मेंढरांसाठी रस्त्याखालून बोळ कोण ठेवेल? तुम्ही त्या जागी असता तर ठेवला असता का?

माझ्या सुरयांचंही तेच आहे. नकाशा करणारा माणूस समुद्रावर येत नाही. त्याच्या लेखी आकडा म्हणजेच पक्षी. ज्याचा आकडा सांगितला नाही त्याच्यासाठी कोणी वाट सोडत नाही. तुमच्या वाटेवर आता रस्ता आहे, वळसा घालून का होईना, मेंढरं घरी येतात. समुद्रात वळसा घालायला जागा मिळेल की नाही, मला माहीत नाही.

गोकुळला मी परत पाठवणार नाही. दुसरा माणूसही घेणार नाही. बोट १२ मार्चला सुटते आणि तो तिच्यावर असेल. त्याची जीभ वळली तर कोपरा वाचेल. एवढंच आता उरलंय.

मामीला रागवू नका.

सोनल


महाळुंगे पडवळ
४ मार्च २०२५

सोनल,

मामीला रागवायची टाप कोणाची आहे? ती दोन दिवस माझ्याशी बोलतच नव्हती.

तुझं पत्र खिशात घेऊन मी त्या रस्त्याच्या कडेला जाऊन बसलो. मेंढरं पलीकडचं पाणी बघत उभी, मधून गाड्या सुसाट. पुष्कळ वेळ बसलो. मग घरी येऊन जेवलो.

काल देवळापुढं मेंढरांना लस टोचायला डॉक्टर आले होते. सगळे मेंढपाळ जमलेले. दर सालाप्रमाणे डॉक्टरांबरोबर वही घेऊन आलेल्या पोरीनं विचारलं, "आजोबा, किती?" मी दर सालाप्रमाणे "हायती दोन-चार" म्हणायला तोंड उघडलं. दादाभाऊ शेजारी तंबाखू मळत होता. आणि मी पुरा आकडा सांगितला. घशातून काटा काढावा तसा निघाला, पण निघाला. पोरीनं पेन थांबवलं. मला वाटलं तिला ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा सांगितला, मोठ्यानं. मला ऐकू येत नसल्यानं माझं मोठ्यानं म्हणजे किती मोठ्यानं ते तुला ठाऊक आहे.

दादाभाऊची तंबाखू सांडली. म्हणाला, "भिमाजी, बरं हाय ना तुला?"

मी म्हणालो, "मला बरं हाय. तुझी किती ते सांग."

त्यानं मांडीवरची तंबाखू झटकली. मग त्यानंही सांगितला. त्याची माझ्याहून जास्त आहेत, लबाडानं कधी कळू दिलं नव्हतं.

घरी येताना मी चारदा थांबून मेंढरं नीट आहेत ना ते पाहिलं हे तुला सांगतो, गावात सांगू नको.

तू म्हणालीस ती ओळ मी लिहिलेली नाही. नुसतं "सांग" म्हणून बापानं मागं बसावं आणि पोरानं पुढं व्हावं, हे मला पटत नाही. त्याऐवजी सोबत गोकुळच्या नावची चिठ्ठी आहे. तू उघडू नको. समुद्रात गेल्यावर त्याला दे आणि सगळ्यांपुढं मोठ्यानं वाचायला सांग.

भिमाजी


पुणे
२९ एप्रिल २०२५

मामा,

गोकुळ घरी पोचल्यावर त्याने सगळं सांगितलं असेल, पण त्याला चार कमी सांगायची सवय आहे, म्हणून मी पुरं सांगते.

चिठ्ठी मी उघडली नाही. पश्चिमेच्या कोपऱ्याच्या तोंडाशी बोट आली तेव्हा त्याच्या हातात दिली. त्याने उघडली आणि मनातल्या मनातच वाचली. टंडेल ओरडले, "अरे पढ़ ना, क्या लिखा है?" मग त्याने मोठ्याने वाचलं. "गोकुळ, आपली मेंढरं एकशे अडुसष्ट. मी देवळापुढं सांगितली. आता तुझी पाळी."

मी इतकी वर्षं तुमच्या वाड्यावर आले, मेंढरांत झोपले, त्यांचं दूध प्याले. मला तो आकडा पहिल्यांदा कळला, तोही समुद्रात. मी रडले, मामा. टंडेल गोंधळून गेले. त्यांना वाटलं घरी काही वाईट झालं.

फेसाच्या रेघेवर पोचलो तर सुरय पावसासारखे पडत होते. गोकुळने नजर टाकली, घसा खाकरला आणि म्हणाला, "अठ्ठ्याण्णव." फोटोत मागून मोजले. अठ्ठ्याण्णवच. मग त्याचा जो सूर लागला तो फेरी संपेपर्यंत सुटला नाही. अधूनमधून मी विचारायचे, "आणि आधी किती सांगितले असतेस?" तर लाजून म्हणायचा, "पन्नास. आबांच्या हिशेबानं." आम्हाला तेच हवं होतं. त्या दोन आकड्यांमधल्या फरकावरून जुना हंगाम दुरुस्त झाला.

खरं सांगायचं तर दुरुस्त केलेला आकडा मी मनात धरला होता त्याहून थोडा कमीच निघाला. तोच लिहिला. शिवाय आमचा आकडा एक नसतो, इतक्यापासून इतक्यापर्यंत असा असतो, कारण सगळा समुद्र आम्ही पाहिलेला नाही. गोकुळने केलेली चूक आणि ती कशी दुरुस्त केली, हेही अहवालात आहे. कंपनीच्या बैठकीत कोणीतरी त्यावर बोट ठेवलंच. मी उभी राहिले आणि सगळं समजावून सांगितलं, न अडखळता. मॅडम मागे बसून नुसत्या हसत होत्या. तेच इंजिनीअर शेवटी म्हणाले, "मग ही रांग पूर्वेला सरकवावी लागेल." नवा आराखडा काल आला. पश्चिमेचा कोपरा मोकळा आहे, मामा. भोवती थोडी जास्तीची जागाही सोडली आहे.

पुढच्या हंगामात गोकुळ मला हवा आहे. मामीची परवानगी तुम्ही काढा.

सोनल


महाळुंगे पडवळ
११ मे २०२५

सोनल,

तुझं पत्र देवळापुढं वाचून दाखवलं. दादाभाऊ म्हणाला, आपण सगळ्यांनी मिळून आपले खरे आकडे रस्तेवाल्यांना लिहून द्यावेत, बोळ अजूनही करता येईल. पुढच्या सोमवारी आम्ही जाणार आहोत. अर्ज गोकुळ लिहितो आहे. बघू काय म्हणतात ते.

आता एक गोष्ट तुला कळवलीच पाहिजे. देवळापुढं आकडा सांगितला त्याच महिन्यात बिबट्यानं उसातून येऊन एक मेंढी नेली. चांगली होती. झुंबरच्या आणि माझ्या, दोघांच्याही मनात बाबा आले. मी तुला तेव्हा लिहिलं नाही, कारण तुझी बोट समुद्रात होती आणि गोकुळच्या कानावर जायला नको होतं. पण वाघरीशी उभा राहून मी विचार केला. बिबट्या गेल्या साली आला होता, त्याच्या आदल्या सालीही आला होता, आणि तेव्हा तर मी कोणाला काहीच सांगितलं नव्हतं. गेलेली मेंढी गेली. तिच्यापायी बाकीच्यांना पुन्हा लपवून ठेवणार नाही.

नंतर दोन मेंढ्या व्याल्या. एकीला जुळी झाली.

गोकुळ आल्यापासून रोज संध्याकाळी वाघरीच्या तोंडाशी उभा राहतो आणि आत येणारी मेंढरं मोजतो. मला ऐकू येत नाही म्हणून ओरडून मोजतो. सगळ्या शिवाराला कळतं. कळू दे.

आज एकशे सत्तर.

भिमाजी